बारावा अर्ज

बी.ए. झालेल्या हिलालचे नोकरीचे अकरा अर्ज नामंजूर झाले होते. १९३२ सालच्या उन्हाळ्यात तो असोद्याहून बारावा अर्ज भरायला जळगावातल्या एका कचेरीत आला, तेव्हा ओळखीचा कारकून हळूच म्हणाला,

"तुझे वडील सत्याग्रहात पकडले गेले, हे कुठं येऊ देऊ नकोस. आणि 'नात्यातले कोणी सरकारी कामावर आहे का?' हा रकाना तू दर वेळी कोरा सोडतोस! कोणी काका-मामा असेल तर लिही की. वशिल्याशिवाय इथं कोण विचारतं?"

"शे ना, भाऊ. घरनाच माणूस शे," असं म्हणत हिलालने दौतीत टाक बुडवला.



'वडील. चार महिन्यांपासून धुळ्याच्या तुरुंगात सरकारचे दळण दळतात.'