नव्या हंगामाचं जाळं

“संघ तू काढ, पोरा, गोलाचं जाळं मी विणीन!” चोना मावशीचा तरुणपणीचा खणखणीत आवाज एवारिस्तोला चित्रपटगृहाच्या अंधारात पुन्हा ऐकू आला. सिमेंटचा कारखाना उभारून त्याच्या कमाईतून त्यानं गावाला फुटबॉलचा संघ दिला. आज त्याच संघावर त्यानं काढलेला चित्रपट सगळं गाव डोळे पुसत बघत होतं. मावशी मात्र शेजारी बसून घायपाताच्या दोरीला चाचपडत गाठी मारत होती. “अगं, इथं तरी थांब.” “हंगाम थांबतो का, मालक?” ती हसली. पडद्यावर शेवटचा गोल झाला, तिनं विणलेलं जुनं जाळं थरथरलं, गाव खुर्च्यांवर उभं राहिलं. आता दिवे लागतील. “हे टोक धर,” मावशी म्हणाली. एवारिस्तोनं टोक न धरता तिचे हातच धरले. “नको विणूस, मावशी. पोरं उद्या दूर तिहुआना शहराला चालली. या चित्रपटासाठी मी संघ विकला.”