मानेची खूण

मैफलीत माझी जागा नवऱ्याच्या डाव्या हाताला, पियानोपासून जरा मागे. काम एकच. ह्यांनी मान हलवली की उठायचं, आवाज न करता स्वरलिपीचं पान उलटायचं आणि परत बसायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा ह्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. अठ्ठावीस वर्षांत मी एकदाही चुकले नव्हते.

आज दुसऱ्याच पानावर ह्यांची मान हलली, तेव्हा खाली अजून तीन ओळी शिल्लक होत्या. नियम म्हणजे नियम. मी पान उलटलं. ह्यांचे हात अडखळले, व्हायोलिनवालीने वळून पाहिलं, आणि त्या तीन ओळी ह्यांनी आठवणीवर कशाबशा निभावून नेल्या. पुढच्या पानावरही मान मध्येच हलली. या वेळी मी जागची उठले नाही.

पहिला भाग संपला. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, त्यामुळे सगळं सभागृह चिडीचूप होतं. हे ओठांतल्या ओठांत म्हणाले,

"लक्ष कुठे आहे तुझं? मी मान हलवायच्या आधीच पान उलटलंस!"

"तुम्ही हलवली होती."

"मी? छे!"

समोर नवं पान उघडं होतं. दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते. आणि "छे" म्हणून झाल्यावरही ह्यांची मान हलतच होती.

"माझंच चुकलं," मी म्हणाले.