मार्कागिलचा अर्थ

उन्नुरने रेकॉर्डर हेर्डिसच्या टेबलावर ठेवला. खोऱ्यातल्या जुन्या नावांचे अर्थ गोळा करायला ती रेक्याविकहून आली होती. उन्हाळ्यात मार्कागिल या घळीपाशी नाव आणि अर्थ सांगणारी पाटी लागायची होती, आणि हेर्डिसहून म्हातारं माणूस खोऱ्यात उरलं नव्हतं.

शेजारचा स्तुर्ला न बोलावताच येऊन बसला होता. घळ त्याच्या कुरणात होती.

"यात विचारायचं काय? गिल म्हणजे घळ, मार्का म्हणजे हद्दी. हद्दींची घळ. तिथपर्यंत आमचं, असं वडील सांगायचे."

"तुझे वडील पुष्कळ काही सांगायचे," हेर्डिस म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

एका शरद ऋतूत, ज्याच्या त्याच्या मेंढ्या वेगळ्या करायच्या कोंडवाड्यात, स्तुर्लाच्या वडिलांनी साऱ्या खोऱ्यासमोर सांगितलं होतं की हेर्डिसचा बाप मेंढीचोर आहे. पुरावा नव्हता. कुणी मागितलाही नाही. बाप पुन्हा कोंडवाड्यात गेला नाही. घरची मेंढरं शाळकरी हेर्डिस एकटी हाकत आणायची, आणि पोरं तिच्यामागे बें बें करत यायची.

घळ हद्दींची, हे तिनेही लहानपणापासून ऐकलं होतं.

"मेंढीच्या कानावर कापून जी मालकाची खूण करतात, तीही मार्काच ना गं?" तिने विचारलं.

"हो," उन्नुर म्हणाली. "नुसत्या शब्दावरून काही ठरत नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले."

"मग ऐक. ती खुणांची घळ. याच्या पणजाने लोकांच्या मेंढ्या पळवल्या आणि खुणेचे कान कापून तिथे पुरले. म्हणून मार्कागिल."

स्तुर्लाने कप खाली ठेवला. कॉफी बशीत सांडली.

"हेर्डिस, हे खोटं आहे."

"असेल. पुरावा आण."

तो उभा राहिला. टोपी तिथेच विसरून निघून गेला.

उन्नुरने रेकॉर्डर बंद केला. "आजी, याला दुसऱ्या कुणाचा दुजोरा नाही. फार तर पाटीवर हद्दीच्या अर्थाखाली 'असंही म्हणतात' एवढं लिहिता येईल."

"पुरे," हेर्डिस म्हणाली. "माझ्या बापाला तेवढंच पुरलं होतं."