खापरावरची धग

एवढासा आवाज. मांजराचं पिल्लू पोत्याखाली दबावं, तसा. रझाकाराच्या सालात कौसाने तो बाजेवर पडल्यापडल्या ऐकला होता. त्यावर कितीतरी सुग्या येऊन गेल्या, पण तो कानातून उतरला नाही. पंचक्रोशीची सुईण झुंबरबाई तेव्हा पाठमोरी होती. वळून म्हणाली होती, "रडली न्हाई, माय. मेलेलीच आल्ती."

मग कौसाने ऐकलं ते काय? सासूने तिला खुळी ठरवलं. नवऱ्याने दुसरी करायची बोलणी लावली. हसनाबादला भावाच्या दारी येऊन पडली, तेव्हा छातीला दूध दाटलेलं. कुणाला दिसू नये म्हणून गोठ्यामागे जाऊन ती ते भिंतीवर पिळून टाकी. भिंतीला मुंग्या लागल्या. काळ्या, दाट, वळवळणाऱ्या. त्या बघून स्वतःच्या अंगाची जी किळस आली, ती पुन्हा गेलीच नाही. आपल्याच हातचं पाणी तिला आंबूस लागे. गल्लीत कुणाचं तान्हं रडलं की ती कान दाबून धरी. खरंच रडतंय, की आपलंच डोकं नासलंय?

आज झुंबरबाईनेच तिला मनगटाला धरून गल्लीतल्या पुष्पाबाईच्या घरी आणलं होतं. म्हाताऱ्या सुईणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

पुष्पाबाई दारातच आडवी झाली. "हिला कशाला आणली? पहिलटकरीण हाय माझी सून. हिची सावली बी नको."

"मला दिसत न्हाई. डोळे लागतेत," झुंबरबाई म्हणाली. "तुहे देतीस? न्हाई ना. मंग सरक."

आत दुपारचाही अंधार होता. ओव्याची धुरी, घाम, ओली राख, रक्त, सगळ्यांचा मिळून एक जाड वास. सून विव्हळत राहिली, आणि उन्हं कलता कलता लेकरू आलं. वांग्यासारखं निळं. हललं नाही. मागोमाग वार पडली.

पुष्पाबाईने विळा पुढे केला. "गेलं ते. कापा नाळ, पोरीला तरी वाचवा."

"नाळेला हात लावू नको," झुंबरबाई कडाडली. "लेकरू रडल्याबिगर मी नाळ कापत न्हाई. कौसे, खापर ठिव इंगळावर. वार उचल, त्याच्यावर शेक. तिच्यातला जीव नाळंतून लेकरात लोट. जल्दी."

कौसाने वारेकडे पाहिलं. काळीनिळी, लिबलिबीत, शिरांनी विणलेली. बोटं आपोआप मागे आली. अशीच घाण आपल्यातून निघाली होती. तिच्याचसोबत आपली लेक परसात पुरली होती. तरी तिने ती उचलली. जिवंत जनावर धरावं तशी ती हातात ऊन लागली.

खापरावर वार चरचरली. जळक्या मांसाचा वास उठला. कौसाने मान वळवली, खांद्यावरून ओकली, दंडाला तोंड पुसलं. हात मात्र सोडले नाहीत. अंगठा आणि बोट नाळेवर दाबून ती लेकराच्या दिशेला ओढत राहिली. पिळ, सोड. पिळ, सोड. ही ओढ तिच्या बोटांना ठाऊक होती. भिंतीवर दूध त्यांनीच पिळलं होतं.

आणि मग तो आला. एवढासा आवाज. पोत्याखाली पिल्लू दबावं, तसा.

कौसाचे हात जागीच थिजले. लेकराकडे बघायचा तिला धीर होईना.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "हे मला एकटीलाच ऐकू येऊन राह्यलं का?"

पुष्पाबाई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. झुंबरबाईने अंधारात चाचपत कौसाचा हात शोधला. रक्ताने, राखेने माखलेला तो हात म्हातारीने आपल्या गालाला लावला.

"समद्यांला येऊन राह्यलं." तिने तो हात आणखी घट्ट धरला. "आन् तवाबी आल्तं. तू जल्दी इसरशील म्हून मी न्हाई म्हणले. तुही लेक रडल्ती, माय. एकदा रडल्ती."