टेबलाच्या पायाखाली

"शाळा सोडल्याचा दाखला आण, मग बघू." कौसाबाईचा अर्ज परत ढकलून कॉलेजातले प्रवेश-कारकून निमकर भाऊसाहेब यांनी चहाचा कप उचलला.

"शाळेत गेलेच नाही तर सोडू कशी? म्हणून तर मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिली. पास झाले. आता बी.ए.ला प्रवेश मिळतो."

"झाडूवालीनं मला नियम शिकवू नयेत," भाऊसाहेबांनी कप टेबलावर आदळला. "दाखला नाही, तर प्रवेश नाही. आणि आज शेवटची तारीख आहे."

रांगेतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं. कौसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं ती या माणसाच्या पायाखालचा कचरा काढत होती. त्याच्या टेबलाखाली काय असतं, ते त्याच्यापेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं. ती वाकली आणि टेबलाच्या आखूड पायाखाली कोंबलेलं पुस्तक तिनं हिसकून काढलं. टेबल कललं, कप लवंडला, चहा भाऊसाहेबांच्या पँटवर सांडला.

ती यंदाची प्रवेशाची माहितीपुस्तिका होती. सातवं पान उघडून, ओळीवर बोट ठेवून तिनं रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं, "पूर्वतयारी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना शाळेचा कोणताही दाखला लागणार नाही."

भाऊसाहेबांनी पँट झटकत अर्जावर शिक्का मारून पावती दिली.

"ते पुस्तक ठेव जागेवर," ते गुरगुरले. "टेबल डुगडुगतंय."

कौसाबाईनं पावती पुस्तकात घातली आणि पुस्तक पिशवीत.

"तुमचा शाळेचा दाखला घाला की पायाखाली, भाऊसाहेब. नाहीतरी त्याचा दुसरा काय उपयोग झालाय?"