बागेत कुणीच नाही

"काका, पार क्रांती चौकापर्यंत बघून आलो. काकू कुठंच नाय," शेजारच्या कारभारीनं गाडी स्टँडवर लावत सांगितलं.

लक्ष्मणराव गारखेड्यातल्या आपल्या घराच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसले होते. त्यांची बायको उमा जेवणानंतर दिसेनाशी झाली होती, आणि आता उन्हं उतरायला आली होती. अलीकडं तिला फार विसरायला होई. मागं एकदा अशीच निघून गेली, तेव्हा एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं होतं. त्यामुळं आजही सगळी गल्ली रस्त्यांवर पांगली होती.

मुलगी मृण्मयी बँकेतून धावतच आली. "बाबा, बागेत बघितलं?"

"बागेत काय बघायचं? कॅमेरे आहेत ना. काही हललं की मोबाइल वाजतो. बागेत कुणीच नाही."

लक्ष्मणराव मास्तरांचा हा तोरा जुनाच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या बागेत स्वतःच्या हातानं कॅमेरे बसवले होते. सर्किटं जेवणाच्या जुन्या डब्यांत, सोलर पॅनल गच्चीवर. हा सगळा थाट कशासाठी, तर मुंगसाच्या एका जोडीसाठी. उमाला त्यांनी बजावून ठेवलं होतं, बागेत आवाज करायचा नाही, मुंगूस पळतं. ती हसायची. म्हणायची, "जावयाचंही एवढं कौतुक नाही केलंत."

मोबाइल वाजला. सगळे वाकून बघायला लागले. फोटोत खार होती. लक्ष्मणरावांना रडूच फुटलं.

मृण्मयी मात्र त्या खारीकडं बघतच राहिली. "बाबा, मी आत्ता मागच्या फाटकानं आले. बागेतनंच. माझा फोटो कुठंय?"

लक्ष्मणरावांना एकदम आठवलं. उमा झाडांना पाणी घालायला गेली, की मोबाइल सारखा वाजायचा. मुंगूस आलं म्हणून धावत बघावं, तर फोटोत हिचा पदर. वैतागून गेल्या महिन्यात त्यांनीच यंत्राला शिकवलं होतं, माणूस दिसला तर सोडून दे. शिकवलेलं ते विसरले. यंत्र विसरलं नव्हतं.

ते अनवाणीच पळाले. सीताफळाच्या मागं, पाण्याच्या टाकीला टेकून उमा मातीत बसली होती. घोटा सुजून टम्म झाला होता, ओठ सुकले होते. समोरच्या कॅमेऱ्याकडं बघत ती हात हलवत होती. एक हात दमून खाली आला, की दुसरा वर करत होती.

"उमा, अगं, हाक का नाही मारलीस?"

"हळू बोला," ती कुजबुजली. "मुंगूस पळतं. ते रागावतात मग."

लक्ष्मणराव तिच्याजवळ बसले. तिला उठवायला त्यांनी तिचा हात धरला. तो तिनं हलकेच सोडवून घेतला, पदर सावरला आणि पुन्हा हात कॅमेऱ्यापुढं वर केला.

"तुम्ही कशाला त्रास घेता भाऊ? आमचे हे बघताहेत तिथून. येतीलच इतक्यात."