टाकाची करकर

आमच्या गावात कुणी गेलं की शवपेटीवरच्या काळ्या कापडाला शोककविता टाचायची, आणि ती माझ्या बायकोनं, बेथायानंच लिहायची. बोस्टनच्या छापखानेवाल्यानं तिला कधी दारात उभं केलं नाही. पण इथं तिच्या टाकाची करकर ऐकली की शेजारीपाजारी शवपेटीसाठी सुताराला निरोप धाडत.

घशाच्या तापानं मी महिनाभर अंथरुणाला खिळलो होतो. "आता बरे झालात हो तुम्ही! वाडगाभर मक्याची लापशी संपवलीत," असं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळानं टाक करकरू लागला.

माझं डोकंच फिरलं. "तोंडावर बरे झालात म्हणतेस, आणि तिकडे माझ्यावर यमकं जुळवतेस? वाच मोठ्यानं! आजवर ज्यांच्यावर लिहिलंस, त्यांतल्या एकाला तरी जिवंतपणी ऐकू दे."

"तुमच्यावर नाही लिहीत."

"मग कुणावर? गावात आणखी कोण आजारी आहे?"

ती उठून आली. माझा हात उचलून तिनं स्वतःच्या कपाळावर ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं.



"माझ्यावर लिहायला गावात दुसरं आहे कोण?"